कलाबाईंचा उजवा हात

१८ जुलै १९८३, सोमवार

आजपासून मी मानसशास्त्र शिकवते!

मानसशास्त्राचे सर बँकेत लागले. जागा रिकामी. प्राचार्यांनी बोलावलं आणि पंखा माझ्याकडे वळवला – म्हणजे काम आहे. म्हणाले, प्रमिला मॅडम, साहित्य म्हणजे तरी काय, मनच ना? मी म्हटलं, मी मराठीची एम.ए. ते म्हणाले, म्हणूनच. भूगोलवाल्यांना विचारलं होतं, ते घाबरले.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं. पहिली तीस पानं कोणीतरी फाडून नेली आहेत. सुरुवातच एकतिसाव्या पानावर – फ्रॉइड आणि मनोविश्लेषण. पुस्तक हिंदी – हा मध्य प्रदेश – मुलं वऱ्हाडी, मी मराठीची, विषय व्हिएन्नाचा. पांढुर्ण्यात एवढं चालतं.

संध्याकाळी कलाबाईंनी चहा आणून दिला. घरमालकीण. डाव्या हातानं दिला. चहा कसला, पाक! वर्षभर पिते आहे. बोलायची हिंमत नाही.

२१ जुलै

पहिला तास. गोष्टीनं सुरुवात केली – गोष्ट मला येते.

शंभर वर्षांपूर्वीची व्हिएन्नातली मुलगी. आजारी वडिलांची सेवा करता करता तिचा उजवा हात लुळा पडला. पाणी प्यायची बंद झाली. स्वतःची भाषा विसरली, नुसती इंग्रजी बोलायची. डॉक्टर रोज जाऊन बसायचा. ती बोलायची, तो ऐकायचा. एकेक आठवण बोलून झाली की एकेक लक्षण जायचं. या उपायाला नाव तिनंच दिलं – बोलण्याचा उपाय. चेष्टेत म्हणायची, धुराडं साफ करणं. हा डॉक्टर फ्रॉइड नव्हे, त्याचा थोरला मित्र. फ्रॉइडनं गोष्ट ऐकली आणि तिच्यावर शास्त्र उभं केलं.

मग मागच्या बाकावरून कवडू – "मॅडम, विंग्रजी बोलाची बिमारी आमाले काहून नाही होत?"

तास चांगला झाला.

२४ जुलै, रविवार

कलाबाईंचा उजवा हात आज नीट पाहिला. इतके दिवस पदराखाली असायचा. मला वाटायचं, सवय.

मूठ मिटलेली. अंगठा आत. महिना झाला म्हणे. पेरणीच्या दिवसांत त्यांचा भाऊ माहेरहून, रामाकोन्याहून आला होता, कसलासा कागद घेऊन. सही करायला पेन धरला आणि बोटं मिटली. पेन खाली पडला. मूठ मिटली ती मिटलीच. नागपूरला फोटो काढला. हाडं ठीक, नसा ठीक. डॉक्टरनं गोळ्या दिल्या त्या ताकदीच्या. शेजारीण म्हणते करणी.

एकतिसावं पान – आणि उजवाच हात!

विचारलं, लहानपणी या हाताला काही झालं होतं का? कलाबाई म्हणाल्या, लहानपणी काय होईन बाप्पा, लहानपणी तर हात होता.

(कागद कसला, ते विचारायचं राहिलं. महत्त्वाचं नाही. पुस्तक म्हणतं, मूळ बालपणात असतं.)

३१ जुलै, रविवार

सौंसरला जाऊन आले. उत्तमराव वानखेडे तिथल्या एका शाळेत आहेत. नागपूरला माझ्या एक वर्ष पुढे होते. खरे मानसशास्त्राचे एम.ए. – शाळेत गणित शिकवतात. मी मराठीची, मानसशास्त्र शिकवते. देश असाच चालायचा.

त्यांच्या परसात एक कोंबडी आहे. लाल झाकण ठेवलं की चोच मारते, निळं ठेवलं की बघतही नाही. ज्वारीच्या दाण्यांवर शिकवली. अभिमानानं दाखवली. म्हणाले, हिच्या बालपणात मी गेलो नाही.

फ्रॉइडवर त्यांचा राग आहे. घरगुती राग – दूरच्या काकावर असतो तसा. गोष्ट सांगितली. फ्रॉइडचं म्हणणं, प्रत्येक स्वप्न म्हणजे पुरी झालेली इच्छा. एक बाई आली, म्हणाली, मला स्वप्न पडलं की मी सासूबरोबर उन्हाळा काढायला गेले – मला तर ती डोळ्यासमोर नको! फ्रॉइड म्हणाला, तुमची इच्छा मला खोटं पाडायची होती. ती पुरी झाली.

"छापा पडला तरी तो जिंकला, काटा पडला तरी तोच," उत्तमराव म्हणाले. "अशा माणसासंगं मी पत्तेसुद्धा खेळणार नाही. जो सिद्धांत कधीच चुकू शकत नाही, तो शास्त्र नाही, मॅडम. ती सासू आहे."

कलाबाईंबद्दल सांगितलं. म्हणाले, काहीतरी मोजा तरी. शाळेचं धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ दिलं. शब्दांची यादी दिली – शब्द म्हणायचा, त्या मनात येईल तो शब्द म्हणतील, मध्ये किती सेकंद गेले ते पाहायचं. जिथे अडतात तिथे गाठ.

बसमध्ये घड्याळ सारखं चालू-बंद करत आले. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं तीनदा वळून पाहिलं.

३ ऑगस्ट

पहिली बैठक! दुपारी तीन. ओसरीवरची खाट. कलाबाई आडव्या, मी त्यांच्या उशाकडे मागे खुर्चीवर. पुस्तकात तसंच आहे – रोग्याला डॉक्टर दिसू नये.

"मागं काहून बसता, मॅडम? न्हाव्यावाणी?"

सांगितलं, तशी पद्धत आहे. मनात येईल ते बोला. काही लपवू नका, काही गाळू नका.

त्या बोलल्या. पाऊण तास. शेजारणीच्या सुनेचं, गॅसवाल्याचं, गेल्या सालच्या लोणच्याचं, वरच्या कौलाचं, परत शेजारणीच्या सुनेचं. मी लिहीत राहिले. धुराडं साफ झालं असेल तर माझं झालं. मूठ तशीच.

उठताना म्हणाल्या, बरं वाटलं. उद्या परत झोपू का?

६ ऑगस्ट

शब्दांची परीक्षा. घड्याळ हातात.

घर – दार. दोन सेकंद. विहीर – पाणी. दोन. संत्रं – रामाकोना. दोन. भाऊ – राखी. तीन. कागद – चूल. तीन.

तुळस – चौदा सेकंद! मान फिरवली. पदर ओढला. मग – अंगण. दहा शब्दांनंतर परत विचारलं – तुळस. पुन्हा गप्प. कानशिलं लाल.

सापडलं!

(पुढची दोन पानं सिद्धांताची. अंगण म्हणजे बालपणाचं घर. तुळस म्हणजे आई – किंवा आईची जागा घेणारी कोणी. मुलीच्या हातून वृंदावन विटाळलं असणार, मार बसला असणार, तोही उजव्या हातावर. मार विसरला, हात विसरला नाही. लिहिताना माझा हात थांबत नव्हता. साहित्यात कधी एवढं सुचलं नाही.)

७ ऑगस्ट, रविवार

उत्तमरावांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. कोंबडीला दाणे टाकले. मग विचारलं, "त्यांच्या नवऱ्याचं नाव काय?"

मुकद्दम, मी म्हटलं. वारले. मँगनीजच्या खाणीवर होते, सगळे मुकद्दमच म्हणतात.

"ते काम झालं. नाव?"

नाव मला माहीत नव्हतं.

घरी येऊन विजेचं बिल पाहिलं. तुळशीराम.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुळशीलाही 'अंगणातली' म्हणतात – वर्षभर मी रोज ऐकते आहे, "अंगणातलीले पाणी घातलं का?" एम.ए.! दोन पानं फाडणार नाही. राहू देत. शिक्षा.

१० ऑगस्ट

चहा आज बेताचा गोड! मी काही बोलले नव्हते. आपोआप. काही गोष्टी न बोलताच सुधारतात – फ्रॉइडला कळवायला हवं.

१९ ऑगस्ट

बैठका चालू. मी बंद करायला तयार होते, त्या तयार नाहीत. तीन वाजले की खाट झटकून ठेवलेली असते.

२३ ऑगस्ट, मंगळवार. राखी

कागद कसला ते आज कळलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

भगवंतराव आले, रामाकोन्याहून. कलाबाईंचे धाकटे भाऊ. पांढरा सदरा, पेढ्यांचा डबा, बोलणं मऊ. कलाबाईंनी डाव्या हातानं आणि दातांनी राखी बांधली. गाठ तीनदा सुटली. भगवंतराव हात पुढे धरून बसले, डोळ्यांत पाणी. वाईट माणूस नाही. तोच तर घोळ आहे.

वडील गेल्या साली गेले. मागे चार एकर संत्र्याचा बगीचा. कायद्यानं बहिणीचाही हिस्सा. इकडे बहिणी हक्कसोड करून देतात – सही करायची, माझं काही नाही म्हणायचं. सगळ्याच करतात. माझ्या आईनंही केली. बदल्यात माहेर उघडं राहतं. साडी, भाऊबीज, उन्हाळ्यात चार दिवस. नाही म्हणणारी बहीण मी पाहिलेली नाही. नाही म्हटलं की माहेरचं दार गेलं.

आणि कलाबाईंचा हात हो म्हणत नाही.

अंगठा का घेत नाहीत, मी विचारलं. भगवंतराव म्हणाले, सौंसरच्या अर्जनवीसानं – तो कचेरीबाहेर कागद लिहून देतो – घाबरवलं आहे. सही येणाऱ्या बाईचा अंगठा घेतला तर उद्या भांडण होतं. शिवाय अंगठाही आतच!

जाताना मला फाटकाशी बाजूला घेतलं.

"मॅडमजी, तुमी मनाचं शिकवता म्हणे. आमच्या बाईची मूठ तेवढी उघडून द्या. भाऊबीजेच्या आत झालं तर लय उपकार होतीन."

मी काय म्हणाले? हो म्हणाले. तोंडातून गेलं.

२४ ऑगस्ट

हात बरा झाला की बगीचा गेला. मी डॉक्टर कोणाची?

२५ ऑगस्ट

आज खाटेवर कलाबाई शेजारणीच्या सुनेबद्दल नाही, वडिलांबद्दल बोलल्या.

वडिलांचा हात थरथरायचा. संत्र्याचं झाड बियाचं चालत नाही – जंभेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, त्यात चांगल्या झाडाचा डोळा बसवायचा, वरून केळीच्या दोऱ्यानं बांधायचं. थरथरत्या हाताला ते जमत नाही. म्हणून बाराव्या वर्षापासून ते काम कलाबाईंचं. भाऊ तेव्हा पाळण्यात. वडील रोप धरायचे, त्या चिरायच्या.

"साडेचारशे झाडं हायेत. निम्मी माझ्या हातची. बाबा म्हणे, तुह्या हाताचा डोळा मरत नाही."

मी मागे बसून लिहीत होते. 'बालपण' म्हणून रकाना केला होता, तो आज भरला. भरून काही उपयोग नाही. मूळ सापडलं की लक्षण जातं, असं पुस्तकात आहे. इथे मुळं साडेचारशे आहेत आणि सगळी जमिनीत.

२८ ऑगस्ट, रविवार

सौंसर. उत्तमरावांशी भांडले. मजा आली.

मी म्हणाले, फ्रॉइड बरोबर. तोंडाला जे 'नाही' म्हणता येत नाही, ते हात म्हणतो आहे. ते म्हणाले, फ्रॉइड कायले पाहिजे त्याले? मूठ मिटून बाईला काय मिळतं ते पाहा. भाऊ आला, मूठ मिटली, कागद परत गेला. दाणा पडला. कोंबडी तेच करते. मी म्हटलं, कलाबाईंना कोंबडी म्हणू नका. ते म्हणाले, कोंबडीला कमी समजू नका.

मग आकडे काढले. तीस वर्षांपूर्वी एका मानसशास्त्रज्ञानं पडताळून पाहिलं – मनाच्या अशा दुखण्यांत तीनातले दोन जण दोन वर्षांत बरे होतात. उपचार केला तरी, नाही केला तरी! मग उपचारानं काय केलं? इतर म्हणतात त्याचे आकडे ढिले. भांडण अजून चालू. मला बरं वाटलं – म्हणजे कोणालाच नक्की माहीत नाही.

आणि ती व्हिएन्नाची मुलगी! तिची कागदपत्रं आता सापडली म्हणे. बोलण्याच्या उपायानं बरी झाली, असं पुस्तकात छापलं. प्रत्यक्षात त्यानंतर तिला इस्पितळात ठेवावं लागलं होतं. पुढे अनाथ मुलींसाठी मोठं काम केलं तिनं. त्या उपायाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

येताना बसमध्ये तेच डोक्यात. सगळ्या हकिगती डॉक्टरांनी लिहिल्या. बाईनं स्वतः लिहिलेली एक तरी हवी होती!

निघताना उत्तमराव म्हणाले, एक सोपी परीक्षा आहे. त्या झोपल्या असताना हात पाहा. नसांचं दुखणं झोपत नाही.

२ सप्टेंबर

वही उशीखाली ठेवली होती, उशीवर सापडली. झाडताना हलली असेल.

९ सप्टेंबर

पोळ्यानंतरची गोटमार झाली. जाम नदीच्या या काठचे आणि त्या काठचे, मध्ये पळसाचं झाड, दिवसभर दगड. आज वर्गात अकरा पट्ट्या मोजल्या. डोक्याच्या सात.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं – माणसातली उपजत आक्रमकता. मग विचारलं, का मारता रे त्यांना? कवडू म्हणाला, "मॅडम, थे आपले सोयरे हायेत ना."

बाकी वर्गाला उत्तर पुरेसं वाटलं. फळा पुसला.

२६ सप्टेंबर, सोमवार

कोणीतरी माजी संचालक वारले, कॉलेज बाराला सुटलं. घरी लवकर आले. दार लोटलेलं.

कलाबाई ओसरीवर झोपल्या होत्या. कुशीवर. उजवा हात गोधडीवर पसरलेला – पाचही बोटं सुटी. तळहात पाहिला. पहिल्यांदा. तर्जनीवर आडवा जुना वण. चाकूचा असणार, कलमं करतानाच्या.

गालावर माशी बसली. त्या हातानं उडवली. डोळे न उघडता. की उघडून? मला वाटलं पापणी हलली.

मी मागे सरकले. चपला हातात घेऊन रस्त्यापर्यंत गेले. मग पाय आपटत परत आले, फाटकाची कडी दोनदा वाजवली.

"आज लवकर?" कलाबाई उठून बसल्या होत्या. हात पदराखाली.

हो म्हटलं, कोणीतरी वारले.

२७ सप्टेंबर

कोणाला सांगायचं नाही. इथे लिहिलं, पुरे.

३० सप्टेंबर

उत्तमरावांचं पोस्टकार्ड. झोपेतलं निरीक्षण झालं का? मी उलट टपाली लिहिलं – संधी मिळाली नाही.

मानसशास्त्रात माझा पहिला खोटा निष्कर्ष. फ्रॉइडनंही इथूनच सुरुवात केली असेल.

१६ ऑक्टोबर, रविवार. दसरा

भगवंतराव सोनं द्यायला आले. कलाबाईंनी डाव्या हातात आपट्याची पानं घेतली. भगवंतरावांनी मला विचारलं, कुठवर आलं? भाऊबीजेच्या दिवशी कागद घेऊनच येणार, आठ तारखेला अर्जनवीसाकडे नंबर लावला आहे. पोरीचं लग्न आहे, पाहुणे विचारतात बगीचा कोणाच्या नावावर. तेही अडलेच आहेत बिचारे.

मी म्हटलं, वेळ लागतो. व्हिएन्नात तर वर्षं लागत.

"हे व्हिएन्ना छिंदवाड्याच्या पुढं काय?"

बरंच पुढे, मी म्हटलं.

ते गेल्यावर कलाबाई खाटेवर पडल्या. मी खुर्ची उचलली आणि समोर नेऊन ठेवली. आज पद्धत मोडायची होती. विचारलं – सरळ. फ्रॉइडनं असं कधी विचारलं नसतं. उत्तमरावांनीही नाही.

"नाही म्हणता येत नाही का, कलाबाई?"

खूप वेळ कौलांकडे पाहत राहिल्या. घड्याळ लावलं नव्हतं.

"नाही म्हणासाठी मागं कोणी पाह्यजे, मॅडम. माह्या मागं बाबा होते. मंग मुकद्दम होते. आता भिंत हाय."

मग म्हणाल्या, खुर्ची परत मागं घ्या. समोर बसल्या की बोलता येत नाही.

मागे नेली.

२३ ऑक्टोबर, रविवार

उत्तमरावांना सगळं विचारलं, नाव न घेता. समजा एखादा रोगी बरा झाला आहे आणि सांगत नाही. समजा त्याला बरं घोषित केलं तर त्याचं नुकसान आहे. तर मानसशास्त्रज्ञानं काय करावं?

कोंबडीकडे बघत म्हणाले, "म्हणजे संधी मिळाली."

मी एक दाणा उचलून कोंबडीला टाकला.

"मॅडम, इथं फ्रॉइड, मी, कोणीच कामाचा नाही. आमी सगळे हात कसा उघडतो ते सांगणारे. उघडावा का, हे आमच्या पुस्तकात नाही." मग लगेच – "तुमच्या पुस्तकात अशीन."

माझ्याही नाही. साहित्यात बाया बहुतेक सही करतात. मग विहिरीवर बसून सुंदर बोलतात.

३० ऑक्टोबर

सहामाहीचा पेपर काढला. प्रश्न एक : मनोविश्लेषणाचा उगम सांगून त्यावरील आक्षेप लिहा. किंवा : टिपा लिहा. मी असते तर टिपा लिहिल्या असत्या.

२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीला नागपूरला चालले. बारा दिवस. सकाळच्या बसनं.

कलाबाईंना म्हटलं, भाऊबीजेला थांबू का? त्या म्हणाल्या, कायले, तुमची आई वाट पाहून राहिली अशीन. शेव बांधून दिली. डाव्या हातानं मारलेली गाठ इतकी घट्ट की नागपूरला कात्रीच लागेल.

मला राहावंसं वाटत होतं आणि निघावंसंही. राहिले असते तर काय केलं असतं? सांगितलं असतं की गप्प बसले असते? गप्प बसणं हा उपचार आहे की भित्रेपणा, ते एकतिसाव्या पानापासून शेवटपर्यंत कुठेच नाही. पहिल्या तीस पानांत असेल.

वही इथेच ठेवते, उशीखाली. घरी आई वाचते.

७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडम, हे मी लिहून राहिली. चौथी पास आहो. अक्षर समजून घ्या, पाच महिन्यांनी पेन धरला.

तुमची वही मी वाचते. पहिल्यांदा झाडताना उघडी होती म्हणून वाचली. मग रोज. चहात साखर जास्त होते हे तोंडानं सांगायचं असते. वृंदावन मी कधी विटाळलं नाही, ते खोडा.

हाताचं तुम्हाले खरं सांगते. पहिले खरंच उघडत नव्हता. राखीनंतर एक दिवस आपोआप उघडला. तो मी बंद ठेवला. कुठवर खरं आणि कुठून सोंग, मलेही नाही माहीत. त्या दिवशी तुम्ही उंबऱ्यात होत्या, मी जागी होती. तुम्ही मागे गेल्या, कडी वाजवली. मग वहीत वाचलं, कोणाले सांगायचं नाही. दसऱ्याले मागे भिंत आहे म्हटलं, तुम्ही खुर्ची मागे नेली, तेव्हापासून भिंत वाटली नाही.

काल भगवंता आला. उजव्या हातानं ओवाळलं. त्यानं हात पाहिला, खुश झाला, ताटात कागद ठेवला. तुमची खुर्ची मी माझ्या मागे आणून ठेवली होती. मी म्हटलं, नाही देत. पोरीच्या लग्नात काय लागते ते सांग, पण माझी झाडं मी नाही सोडत. तो जेवला नाही. पुढच्या राखीले येईल का नाही, सांगता येत नाही. ताट झाकून ठेवलं होतं, संध्याकाळी गायीले घातलं.

बाईनं लिहिलेली एक पाहिजे होती ना तुम्हाले. खाली सही करते.

कलाबाई तुळशीराम गावंडे